फुप्फुसं लहान राहतील का, हे सोनोग्राफीत कळतं?

साताऱ्याची_सून: २२वा आठवडा चालू आहे. परवा बाळाचं जठर हृदयाशेजारी दिसलं. छाती-पोटामधल्या पडद्याला डावीकडे भोक आहे म्हणे. रिपोर्टात ‘ओ/ई एलएचआर ३८%’. डॉक्टर भराभर बोलले, माझं लक्ष स्क्रीनवरच्या जठराच्या त्या काळ्या गोळ्यावरच. म्हणजे काय हो?

सोनो_काका: उजव्या फुप्फुसाचं क्षेत्रफळ भागिले डोक्याचा घेर, तो एलएचआर. ओ/ई म्हणजे अपेक्षेच्या तुलनेत: या आठवड्याला जेवढा हवा त्याच्या ३८% आहे. २५च्या खाली गंभीर धरतात. यकृतही भोकातून वर छातीत सरकलंय का, ते विचारा.

चिमीची_आई: आमचा ४१ होता, तरी ११ दिवस व्हेंटिलेटर! बाळंतपण मात्र एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि लहान मुलांचे सर्जन असतील तिथेच करा गं.

साताऱ्याची_सून: आत्ताच फोन केला. यकृत खालीच आहे.