मदत हवी आहे: टेंडरमधली क्लाउडची अट आणि पाच वर्षांचा ठोक भाव

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. नगरपरिषदांना घरपट्टी-पाणीपट्टीची सॉफ्टवेअर करून देतो. आजवर सर्व्हर इथल्याच एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने असायचा. वर्षाचं भाडं एकदा भरलं की विषय संपला. आता एका नगरपरिषदेच्या टेंडरमध्ये अट आलीय, होस्टिंग फक्त मेइटीच्या (केंद्राचं आयटी मंत्रालय) यादीतल्या, एसटीक्यूसी (त्याच मंत्रालयाची तपासणी संस्था) ऑडिट झालेल्या क्लाउडवरच हवं.

अटीबद्दल तक्रार नाही. लोकांच्या मिळकतीची माहिती देशातच राहायला हवी, आणि राज्याचं पब्लिक क्लाउड धोरण 2018 लाच आलंय. (मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर 'सेंट्रल इंडिया' निवडलं तर ते पुणंच असतं, तेव्हा वेगाचीही चिंता नाही.)

गाडी अडलीय ती भावात. टेंडरला पाच वर्षांचा एकच आकडा हवा, क्लाउडचं बिल येतं वापरावर. एरवी साइटकडे कुणी फिरकत नाही. मार्चअखेर मात्र वसुलीचा धडाका लागला की काउंटरवर रात्री उशिरापर्यंत पावत्या निघतात, जप्तीच्या नोटिसा छापल्या जातात आणि नेमकं तेव्हाच मशीन धापा टाकतं. वर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग (सिस्टिमच्या वापराच्या नोंदी) ठेवायचे, त्या साठवणीचा खर्च वेगळा. क्लाउडवाला दरमहा कार्डावरून पैसे उचलणार आणि आमचं बिल लेखा विभागातल्या टेबलांवरून फिरत राहणार. मोठ्या कंपनीला हे पचतं, आम्हाला ओव्हरड्राफ्ट काढावा लागेल.

मार्चचा फुगवटा भावात कसा धरायचा? आणि उद्यम नोंदणीवर (लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत रक्कम, माफ होईल का?

टेंडरवाला: उद्यमच्या भरवशावर राहू नका. सूक्ष्म-लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी आणि ईएमडी माफी हे केंद्राचं 2012 चं धोरण. ते केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना लागू, नगरपरिषद राज्याच्या नियमांवर चालते. टेंडरमध्ये सवलत लिहिली नसेल तर प्री-बिडला (टेंडर भरण्याआधीच्या बैठकीत) लेखी विचारा. साहेबांचं तोंडी "चालेल हो" तांत्रिक लिफाफा उघडताना कामाला येत नाही. मेइटीच्या यादीत नाव क्लाउड कंपनीचं लागतं, तुमचं नाही. तिचं अधिकारपत्र मात्र टेंडरचा क्रमांक घालून घ्या.

पेठकर: बारमाही लागणारं मशीन तीन वर्षांच्या रिझर्व्हेशनवर (आगाऊ करारावर) घ्या, स्वस्त पडतं आणि तो आकडा ठोक धरता येतो. चौथ्या-पाचव्या वर्षासाठी थोडी वाढ धरून ठेवा. मार्चपुरतं मोठं मशीन वापरावर. जुने लॉग आर्काइव्हमध्ये (स्वस्त साठवणीत) ढकला. बीओक्यूमध्ये (टेंडरच्या भावपत्रकात) वाढीव वापराची वेगळी ओळ आणि वरची मर्यादा मागा. मर्यादा दिसली की लेखापाल फार अडत नाहीत, हा माझा अनुभव. बिलाचं म्हणाल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवसांची कमाल मुदत आहे, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उशिराची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. पण पुढचं टेंडरही तिथेच भरायचं असेल तर... तुम्हीच ठरवा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. तक्रार करायची हिंमत नाही, खरं सांगतो. वेगळ्या ओळीची कल्पना मात्र पटली. प्री-बिड गुरुवारी आहे. अशी ओळ घालणारं टेंडरचं शुद्धिपत्रक कुणी काढून घेतलं असेल तर त्यातली वाक्यरचना व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का?