एक्झिमाची (इसबाची) खाज: मलम कधी, किती

महागडं मॉइश्चरायझर लावूनही कोपराच्या घडीतली, गुडघ्यामागची खाज का हटत नाही, असं विचारलंय. बहुतेकदा चुकते ती वेळ आणि मात्रा. कढत पाणी बंद करा. कोमट पाण्याने 5-10 मिनिटांत अंघोळ उरका, अंग टिपा, घासू नका, आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझरचा जाडसर थर द्या. साधी पेट्रोलियम जेलीही चालते.

डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम मोजून लावा: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. घाबरून नावापुरतं लावलं तर दाह शमतच नाही. केमिस्टने स्वतःहून दिलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब मात्र कृपा करून नको. तिच्यात अनेकदा तीव्र स्टिरॉइड असतं, कातडी पातळ होते. पिवळी खपली धरली, पाणी वाहू लागलं, तर लगेच दाखवा.