सदर ‘थांबले’ की लेखक काढला?

वेंगुर्लेकर: “मुक्त लेखकाला कोणी काढत नाही, त्याचे सदर थांबते. नोकरीच नव्हती, तर ती गेली कशी?” हे चिपळूणकरांचे कालचे वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहिते. मुंबईच्या एका मासिकात मी ९ वर्षे कोकणातल्या मासेबाजारांवर सदर लिहिले. गेल्या नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, बाजार पुन्हा भरू लागले तेव्हा, मोबाईलवर दोन ओळी आल्या: ‘पुढील अंकापासून सदर थांबवत आहोत. सहकार्याबद्दल आभार.’ छापून आलेल्या ३ लेखांचे पैसे यायचे होते, ते अजून यायचेच आहेत. २० तारखेला मजकूर हवाच, विषय त्यांनी मंजूर केलेला आणि इतरत्र असे काही लिहायचे नाही ही अटही त्यांचीच. मग बंधने सगळी नोकरीची आणि निरोप मात्र पाहुण्याचा, हे कसे?

चिपळूणकर: ताई, आपला अनुभव वाईट आहे, पण संपादकाच्या खुर्चीत मीही १२ वर्षे काढली आहेत. कागद महागतो, वर्गणीदार घटतात आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर उरलेले महिने रेटावे लागतात, तेव्हा पहिली कात्री सदरांनाच लागते. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने संपादकाला ६ आणि इतर पत्रकारांना ३ महिन्यांची पूर्वसूचना दिली, तीही नोकरीत असलेल्यांनाच.

देवगडकर: कायदा राहू द्या, मला ‘मानधन’ या शब्दाचीच चीड आहे. हापूसच्या पेटीला दलाल भाव पाडून देतो, पण त्याला ‘आम्रधन’ म्हणण्याइतका तो निर्लज्ज नाही.

राजापूरकर: शब्दाला दोष देऊ नका. माझ्या वडिलांना मासिकाकडून मनीऑर्डर येई, तिच्या कुपनावर संपादकांच्या हस्ताक्षरात दोन ओळी असत आणि ती कुपने त्यांनी पोथीत जपून ठेवली. रक्कम किती होती, हे आज घरात कोणालाही आठवत नाही.

देवगडकर: घर कोणाच्या पगारावर चालत होते, तेही सांगा.

राजापूरकर: ते शाळेत शिक्षक होते. आपला सूर मात्र निव्वळ बाजारातला आहे.

देवगडकर: आहेच. आमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक. त्यांच्या नावाने ६ जानेवारीला हारतुरे घेणारे काही मालक ७ तारखेपासून लेखकाचा फोन उचलत नाहीत, हे मी माझ्या मेहुण्याच्या बाबतीत पाहिले आहे.

कणकवलीकर: शब्दांचा कीस पुरे झाला, मी वकील म्हणून दोनच गोष्टी सांगतो. लेखकाने उद्यम नोंदणी केली असेल, तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याने नोंदणीनंतरच्या कामाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मागता येतात आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मिळते. दुसरे म्हणजे, १९५७ च्या कायद्यानुसार लेखी हस्तांतर केले नसेल, तर मुक्त लेखकाच्या मजकुराचा स्वामित्वहक्क त्याच्याकडेच राहतो. ताईंनी खुशाल पुस्तक काढावे.

चिपळूणकर: थकलेले पैसे द्यायलाच हवेत, हे मी नाकारलेले नाही. निदान एका अंकाची पूर्वसूचनाही द्यायला हवी होती. मीसुद्धा दोन लेखकांना ती दिली नव्हती, हेही लिहून टाकतो, म्हणजे आपणा सर्वांना झोप लागेल. पण ‘काढले’ हा शब्द मला अजून मान्य नाही, कारण सदर थांबले होते.

वेंगुर्लेकर: या महिन्याचा अंक आपण पाहिलेला दिसत नाही. पान तेच आहे, शीर्षक मी दिलेलेच आहे, या वेळी बांगड्यावर लिहिले आहे आणि खाली नाव दुसऱ्याचे आहे.