मदत हवी आहे: चालू बसपासून (सर्किट कार्डांना जोडणाऱ्या सामायिक लाइनपासून) कार्ड वेगळं करण्याचा पेटंट-क्लेम, युरोपात अपील

युरोपियन पेटंट ऑफिसने अर्ज युरोपियन पेटंट कराराच्या कलम 56 खाली, इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही (म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असंच आहे) म्हणून, फेटाळलाय. अपीलची नोटीस वेळेत गेली, फी भरली. सविस्तर कारणं द्यायला तीन आठवडे उरलेत आणि ही मुदत वाढवून मिळत नाही.

क्लेममध्ये बसच्या लाइन तोडणारे फेट (ट्रान्झिस्टर) स्विच बॅकप्लेनवर, म्हणजे कार्डं ज्यात खोचतात त्या मागच्या सर्किटवर, आहेत. आमच्याविरुद्ध दाखवलेला आधीचा दस्तऐवज कॉम्पॅक्टपीसीआय (चालू यंत्रात कार्ड बदलू देणारं मानक) धर्तीचा: लांब-आखूड पिना, लाइनना 1 व्होल्ट प्रीचार्ज (जोडणीआधीच दिलेला व्होल्टेज), स्विच मात्र कार्डावर. परीक्षकांचं म्हणणं, नुसती जागा बदललीत. अहो, पण कार्डाचा सप्लायच मेला तर त्याच्यावरचे स्विच चालवणार कोण? पंचाईत अशी की हा फायदा मूळ अर्जात शब्दांत कुठेच नाही. फक्त आकृती 3 मध्ये स्विचची कंट्रोल लाइन बॅकप्लेनच्या सप्लायवर जोडलेली दिसते.

जी 2/21 (मागाहून मांडलेला परिणाम कधी विचारात घ्यायचा यावरचा, युरोपियन पेटंट ऑफिसच्या मोठ्या अपील बोर्डाचा निर्णय) वाचलाय. क्लेम आणखी आवळून नवी विनंती (सुधारित क्लेमचा संच) द्यावी तर ती आधी दिली नव्हती (चूक आमचीच), म्हणजे अपील बोर्डाच्या नियमांतलं 12(6) (आधीच द्यायला हवी होती ती विनंती सहसा न स्वीकारण्याचं) आडवं येणार.

इलेक्ट्रॉनिक्सच्या केसमध्ये नुसत्या आकृतीच्या आधारावर असा परिणाम बोर्डाने मान्य केल्याचा कुणाला अनुभव आहे का? की 12(6) चा धोका पत्करून नवी विनंतीही सोबत जोडावी?