रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा?

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडच्या नव्या मुलीने विचारलं, "ताई, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा?" टेबलावर आम्ही चौघं. चार नावं निघाली. मी इथे नऊ वर्षं आहे, तरी छातीठोकपणे सांगता येईना. आपल्या ऑफिसची घडीच नीट बसलेली नाही, हे तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळलं? लिहा. नावं मात्र नकोत.

*

चाकण, प्रेस शॉप. आमच्याकडे क्वालिटीची माणसं प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली. म्हणजे ज्याचा माल अडवायचा, तोच आमची पगारवाढ ठरवणार. एकदा ब्रॅकेटला बर (कापलेल्या कडेवर राहणारी धारदार कोर) फार होती, म्हणून बिनला लाल टॅग लावून लॉट होल्ड केला आणि घरी गेलो. सकाळी बिन गायब. टॅग माझ्या टेबलावर, नीट घडी घालून, वर पेपरवेट ठेवलेला! गाडी रात्रीच गेली होती. कुणी सोडली? डिस्पॅच म्हणे प्रॉडक्शनचा फोन, प्रॉडक्शन म्हणे प्लँट हेड. आठ दिवसांनी कस्टमरचा फोन आला, तेव्हा सॉर्टिंगला, म्हणजे खराब नग निवडून काढायला, कुणी जायचं यावर मात्र अजिबात वाद झाला नाही. मीच गेलो. तीन दिवस.

*

हेन्री फेयॉलने १९१६ मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. एमबीएला हे पाठ केलं, मार्क मिळवले आणि हिंजवडीत नोकरीला लागलो. आता दोन साहेब आहेत. एक काम देतो, दुसरा अप्रेझल लिहितो. दुसऱ्याला मी वर्षात दोनदा भेटलो, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये.

*

सरकारी नोकरीतली आहे, म्हणून जपून लिहिते. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आमच्याकडे राहतही नाही. सहाव्या दिवशी "कृपया चर्चा करावी" असा शेरा मारून ती खाली येते, चर्चा होते (चहासकट), मग "पुनश्च सादर" होऊन वर जाते. पुन्हा दिवस पहिल्यापासून. अधिकार कुणाचा हे ठरलेलं नसलं की कायदाही असा पाळता येतो. एका शिपायाच्या वैद्यकीय बिलाची फाइल अशी इतकी फिरली, की शेवटी तिची दोरी बदलावी लागली.

*

घरचा धंदा असलेल्या दुकानात अकाउंट्स बघतो. दादा ऑर्डर देतात, भाऊ रद्द करतात, वहिनी विचारतात माल का आला नाही. याहून जास्त काय लिहू.

*

मी वॉर्डात सिस्टर आहे. मावश्या कंत्राटदाराच्या. सलाइन सांडलं, समोर मावशी उभी, तरी मी थेट सांगायचं नाही. तिच्या सुपरवायझरला फोन करायचा, तो चार मजले खाली. पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे बघतात. मावशीही बिचारी माझ्याकडेच बघते. परवा मीच फडकं घेतलं, तर तिने ते हातातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "सिस्टर, त्याला सांगू नका फक्त."

*

आमच्याकडे रिसेप्शनमागे कंपनीच्या रचनेचा तक्ता फ्रेम करून लावलाय. माझ्या चौकटीच्या वर ज्यांचं नाव आहे, ते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले. पाडव्याला आठवणीने शुभेच्छा पाठवतात.

*

धागाकर्ती पुन्हा. त्या मुलीने शेवटी अर्जाच्या चार प्रती काढल्या. तिघांनी "बघितलं" म्हणून सही केली. मंजूर कुणी करायचं, ते विचारायला ती आज परत माझ्याकडे आली होती. लग्न बहिणीचं आहे, परवा.