फ्रेस्नोचा बेदाणा: आर्मेनियन मजुरांनी गावाकडून नेमकं काय आणलं?

वेलमांडव: कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत १८८१ साली सेरोपियन बंधू आले. त्यांच्यामागून आजच्या तुर्कस्तानातल्या मर्झिफोन, खारबर्द, बित्लिसकडची आर्मेनियन माणसं. आधी दुसऱ्याच्या मळ्यात मजुरी, मग स्वतःची बाग. तिथला बेदाणा त्यांच्या गावाकडच्या ज्ञानावर उभा आहे, असं माझं मत.

शेडवाला, तासगाव: बेदाण्यापुरतं पटत नाही. ते येण्याआधीच, १८७०च्या दशकात, फ्रेस्नोत बेदाणा होत होता. रीतही तिथल्या हवेची: ऑगस्टअखेर घड काढून दोन ओळींमधल्या जमिनीवर ट्रेमध्ये पसरायचे, आठ-दहा दिवसांनी उलटायचे, दोन-तीन आठवड्यांत ओलावा १५-१६ टक्क्यांवर. साडेचार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो माल. सप्टेंबरात पाऊस आला की बुरशी, सगळं मातीमोल. त्यांच्याच मुलखात, अनातोलियात (आजचं तुर्कस्तान), स्मिर्नाकडे घड पोटॅश आणि ऑलिव्ह तेलाच्या पाण्यात बुडवत. सालीवरचं मेण सैल होतं, पाणी लवकर निघतं. आपल्या शेडमध्ये तेच चालतं: १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट, दीड लिटर डिपिंग ऑइल, दोन-चार मिनिटं बुडवण. फ्रेस्नोच्या उन्हातल्या काळ्या बेदाण्याला ही बुडवण लागतच नाही. मग आणलं काय?

वेलमांडव: पानं! द्राक्षवेलीची कोवळी पानं, सारण भरून शिजवून खायची. बाकीचे बागायतदार जी छाटून टाकत, ती यांनी बरणीत भरली. थॉमसन जातीच्या द्राक्षाचं पान पातळ, लव नसलेलं. शेंड्याकडून तिसरं ते पाचवं घ्यायचं. त्याखालच्याची शीर शिजत नाही. गंधक मारलेल्या वेलीचं घ्यायचं नाही. उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढून, गुंडाळी करून, लिटरला १०० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दाबून ठेवायचं. पान वर तरंगलं की तिथूनच बुरशी धरते. आणि एकाच फांदीची फार पानं खुडली तर घड उन्हानं भाजतो. किती खुडायची हे वेलीची जाण असलेल्यालाच कळतं.

सातबारा: दोघेही जमीन विसरताय. जपानी शेतकरी तितकेच कसबी होते, पण कॅलिफोर्नियाच्या १९१३च्या कायद्यानं नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या परदेशीयांना शेतजमीन घेता येईना. आर्मेनियन लोकांची पात्रता १९२५ला कार्टोझियन खटल्यात कोर्टानं पक्की केली. बाग टिकली ती कागदामुळे.

वेलमांडव: कागदानं जमीन मिळते, मान्य. पण कोवळं पान कुठलं आणि जून कुठलं, हे कुठल्या निकालपत्रात लिहिलेलं असतं?

शेडवाला, तासगाव: पानांचं श्रेय त्यांचंच, निःसंशय. बेदाण्याचं मी अजूनही फ्रेस्नोच्या कोरड्या उन्हालाच देईन.