मदत हवी आहे: माध्यमिक शाळेत जाणाऱ्या स्वमग्न मुलाची खरी माहिती नव्या शिक्षकांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असून तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो बोलतो, वाचतो आणि गणितात वर्गाच्या बरोबरीने आहे. लिहिण्याचा वेग मात्र फार कमी आहे आणि अचानक होणारा मोठा आवाज त्याला सहन होत नाही. नव्या शैक्षणिक वर्षात तो प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाईल. दोन्ही शाळा सर्वसाधारण आहेत. हातात साधारण चार महिने आहेत, आणि त्यांत नेमके काय करावे याविषयी हा टप्पा ओलांडलेल्या पालकांचा व शिक्षकांचा सल्ला मला हवा आहे.

माझी अडचण कागदपत्रांची नाही. निदानाचा अहवाल, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या उपचारतज्ज्ञाचा) अहवाल, दरवर्षीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, सगळे एका फाइलीत क्रमाने लावलेले आहे. अडचण अशी की ज्या गोष्टींमुळे माझा मुलगा शाळेत टिकला, त्यांपैकी बहुतेक या फाइलीत कुठेच नाहीत.

मागच्या महिन्यात मी काही कामासाठी त्याच्या वर्गाच्या दाराशी उभी होते. तास संपायला मिनिटभर असताना बाई फळ्यावर लिहिता लिहिता थांबल्या, त्याच्या बाकापाशी गेल्या, बाकाच्या कोपऱ्यावर बोटाने दोनदा टकटक केली आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात कानांवर नेले. घंटा वाजली, हात खाली आले, आणि तो वही मिटून पुढच्या तासाचे पुस्तक काढू लागला. नंतर मी बाईंना याबद्दल विचारले, तेव्हा त्या क्षणभर विचारात पडल्या. आपण हे रोज करतो, हे त्यांच्याही ध्यानात राहिले नव्हते. फाइलीत या सगळ्याबद्दल एवढेच वाक्य आहे: ‘आवाजाबाबत संवेदनशील.’

प्राथमिक शाळेत दिवसाचा बराच भाग एकच शिक्षिका वर्गावर असते, त्यामुळे असे जाणणे हळूहळू साचत जाते. माध्यमिक शाळेत सात-आठ विषयशिक्षक असतील, प्रत्येकाची शिकवण्याची आणि गृहपाठ सांगण्याची रीत वेगळी असेल, प्रयोगशाळेसाठी वर्ग बदलावा लागेल, आणि माझा मुलगा प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला आठवड्यातून मोजकेच तास येईल. त्यातच हे वय शरीर बदलण्याचे. इतके बदल एकाच वर्षात येत असल्याने, कोणती अडचण शाळेमुळे आली आणि कोणती वाढीमुळे, हे घरी आम्हालाही ओळखता येणार नाही अशी भीती वाटते.

एक जुना अनुभव सांगणे भाग आहे. बालवाडीतून पहिलीत जाताना आम्ही सर्व अहवाल बंद लिफाफ्यात शाळेच्या कार्यालयात दिले आणि आपले काम झाले असे समजलो. पहिल्या सत्राच्या शेवटी कळले की तो लिफाफा वर्गशिक्षिकेपर्यंत पोहोचलाच नव्हता. तोपर्यंत मुलाच्या नावापुढे ‘हट्टी’ असा शेरा पडला होता, आणि तो पुसायला पुढे दोन वर्षे गेली. चूक कोणा एकाची नव्हती. कागद दिला की माहिती दिली, असे आम्ही मानले, त्यात आमचीही चूक होती.

आतापर्यंत केलेली तयारी अशी: नव्या शाळेचे प्रवेशद्वार, जिना, वर्ग आणि स्वच्छतागृह यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून त्याला दाखवली आहेत. शाळा रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा, असे त्याला नेऊन आणण्याची परवानगी मिळाली आहे. अमेरिकन शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी 1991 साली मांडलेल्या ‘सोशल स्टोरी’च्या पद्धतीने, म्हणजे काय घडेल आणि तेव्हा काय करता येईल हे सोप्या, शांत वाक्यांत सांगणारी एक छोटी गोष्ट लिहून, ती आम्ही रोज रात्री वाचतो.

मला विचारायचे आहे ते हे. बाईंच्या हातातले हे जाणणे कागदावर उतरवायचे कसे, ते कोणी लिहायचे आणि आठ शिक्षक ते खरोखर वाचतील याची व्यवस्था काय करायची? सध्या वर्गात त्याच्यासोबत अर्धा वेळ एक मदतनीस असते. ती नव्या शाळेत ठेवावी, की ‘आता मोठा झाला’ म्हणून थांबवावी? आणि वर्गातल्या मुलांना त्याच्याविषयी सांगावे का? तो स्वतः ‘सगळ्यांना सांगू नको’ असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे डावलणे मला पटत नाही.

प्रतिसाद 1

ताई, मी विशेष शिक्षिका आहे आणि या टप्प्यावरच्या मुलांसोबत बरीच वर्षे काम केले आहे. आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्या शाळेसाठी एकच पान तयार करा, आणि त्यात मुलाचे वर्णन करू नका, प्रसंग लिहा: काय दिसते, त्याचा अर्थ काय आणि तेव्हा काय करावे. ‘आवाजाबाबत संवेदनशील’ या शब्दांवरून शिक्षकाला काहीच करता येत नाही. ‘घंटेच्या मिनिटभर आधी खूण केली तर तो स्वतःच सावरतो’ हे वाचून मात्र पुढच्याच तासाला करता येते. हे पान बाईंना एकटीने लिहायला सांगू नका, कारण आपण पाहिलेच आहे, की त्यांच्या सवयी त्यांना स्वतःला दिसत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी एक पूर्ण दिवस मागच्या बाकावर बसून पाहावे आणि टिपावे. शक्य असेल तर नव्या शाळेतल्या वर्गशिक्षिकेनेच यावे. एका दिवसाच्या पाहण्यातून जे कळते ते जाड फाइलीतून कळत नाही. मग शाळा सुरू होण्याआधीच्या शिक्षकांच्या बैठकीत दहा मिनिटे मागून ते पान मोठ्याने वाचावे, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा भेटण्याची तारीख तिथेच ठरवावी. तारीख न ठरवता उठलेल्या बैठकीतले बरेचसे विरून जाते.

मदतनिसाबाबत माझे मत ठाम आहे. शाळा बदलणे आणि आधार काढणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू नयेत. तो नव्या जागी रुळल्यावर, एकेका तासापुरती तिची मदत कमी करत न्यावी. मात्र तिने त्याच्या शेजारी न बसता मागे बसावे, नाहीतर वर्गातली मुले त्याच्याशी बोलायचे ते तिच्याशी बोलू लागतात.

लिहिण्याच्या वेगासाठी जादा वेळ किंवा लेखनिक लागणार असेल, तर ती सवय वर्गातल्या चाचण्यांपासूनच लावा आणि त्याची नोंद ठेवा. ऐन मोठ्या परीक्षेत लेखनिक पहिल्यांदाच शेजारी बसला, तर त्याला उत्तर सांगणे हेच मुलासाठी नवे ओझे होते.

वर्गाला सांगण्याविषयी त्याचे ऐकावे. संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या सातव्या कलमात, स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा अपंग मुलांचा हक्क स्पष्टपणे नोंदवलेला आहे, आणि ते मत वय व परिपक्वता पाहून विचारात घ्यावे असेही म्हटले आहे. शिक्षकांना माहिती असणे वेगळे आणि वर्गाला असणे वेगळे. त्याने पुढे स्वतः सांगायचे ठरवले, तर तेव्हा सोबत करावी.

शेवटी एक सावधगिरी. पहिले काही आठवडे शाळेतून ‘तो अगदी व्यवस्थित आहे’ असे कळेल आणि घरी मात्र तो दप्तर टाकताच रडेल किंवा चिडेल. दिवसभर स्वतःला आवरून धरण्याचा तो थकवा असतो. तेव्हा त्या काळातल्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा, आणि घरी दिसते ते तारखेसह लिहून शाळेला कळवत राहा.

प्रतिसाद 2

माझ्या मुलीला अध्ययन अक्षमता आहे आणि आम्ही मागच्या वर्षी यातून गेलो. आमचे घोडे अभ्यासापेक्षा दप्तरात अडले. आठ विषय, प्रत्येकाच्या दोन वह्या, आणि कोणत्या दिवशी काय न्यायचे याचा तिच्या डोक्यात गोंधळ. विषयागणिक वह्या-पुस्तकांना एका रंगाची पट्टी लावली आणि वेळापत्रकातही तोच रंग भरला, तेव्हा ती स्वतः दप्तर भरू लागली. गृहपाठ मात्र तिने उतरवून घेण्यावर सोडू नका. शिक्षकांनीच लिहून द्यावा असे आधीच ठरवून घ्या.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. नव्या शाळेतल्या वर्गशिक्षिका पुढच्या आठवड्यात एक दिवस येऊन बसायला तयार झाल्या आहेत. रंगांच्या पट्ट्या आम्ही कालच लावल्या.

ते पान मी मुलासोबत लिहायला घेतले. घंटेबद्दल काय लिहावे असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘आधी सांगा असे लिही. पण बाकावर वाजवू नका. ते बाईंचे आहे.’ म्हणजे ती टकटक जशीच्या तशी नव्या शाळेत नेता येणार नाही. त्याऐवजी बाकावर एक लहान पिवळे कार्ड ठेवावे असे त्याने स्वतः सुचवले आहे. आता एवढेच विचारते: हे कार्ड जुन्या शाळेत बाईंच्या हातून आतापासून सुरू करावे, की ते फक्त नव्या शाळेचे म्हणून राखून ठेवावे?